रस्त्याखालचे कापड : काथ्याच्या धंद्याला नवे गिऱ्हाईक

कापड म्हटले की सदरा, चादर, साडी डोळ्यांसमोर येते. पण एक कापड असेही आहे की जे एकदा अंथरले की पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडत नाही. ते रस्त्याखाली जाते. नारळाच्या काथ्यापासून विणलेल्या या जाळीदार चटईला ‘भूवस्त्र’ म्हणतात. आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी या मालाची माहिती करून घ्यावी, म्हणून हा लेख.

उपयोग काय? जमीन भुसभुशीत असली की पावसाळ्यात खडी मातीत रुतते, चिखल वर येतो आणि रस्ता खचतो. मध्ये भूवस्त्र असले म्हणजे खडी व माती वेगळी राहते, पाणी झिरपून जाते आणि गाडीचा भार पसरतो. कोटाला अस्तर असते, तसेच हे. काथ्या सावकाश कुजतो. काही वर्षांनी तो मातीत मिसळतो, पण तोवर खालची माती दाबून घट्ट झालेली असते. पाया मजबूत झाल्याने खडीचा थर कमी करता येतो. म्हणजे खाणीतून दगड कमी, ट्रकच्या फेऱ्या कमी, डिझेलचा धूरही कमी.

बाजार किती? २०२० साली केंद्र सरकारने प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात ५ टक्के लांबीच्या रस्त्यांसाठी काथ्याचे भूवस्त्र वापरण्याचे ठरविले. तेव्हा सात राज्यांत १,६७४ किलोमीटरचा अंदाज होता. त्यात महाराष्ट्राचे ३२८ किलोमीटर. मालाची किंमत सुमारे ७० कोटी रुपये धरली होती, म्हणजे किलोमीटरमागे साधारण ४ लाख. सप्टेंबर २०२४ मध्ये योजनेचा चौथा टप्पा मंजूर झाला असून त्यात ६२,५०० किलोमीटर रस्ते आहेत. त्यांपैकी कोणत्या रस्त्याच्या अंदाजपत्रकात भूवस्त्र आहे, हे जिल्ह्याच्या कार्यालयात विचारून घ्यावे. मोठ्या रस्त्यांच्या भरावाच्या उतारावरही, माती वाहून जाऊ नये म्हणून, ही चटई अंथरतात.

हिशेब. ६ मीटर रुंदी धरली तर एका किलोमीटरला ६,००० चौरस मीटर माल लागतो. चौरस मीटरला ७०० ग्रॅम वजन धरले तर ४,२०० किलो. जोडावर एकावर एक चढणारा माल वेगळा. आता कुणी ७०० ऐवजी ६३० ग्रॅमचा माल दिला, तर किलोमीटरमागे ४२० किलो काथ्या वाचेल. मातीखाली तो कोण पाहणार? पण पहिल्याच पावसाळ्यात रस्ता बोलेल आणि पुढची मागणी बंद होईल. या मालाचे भारतीय मानक आयएस १५८६९ आहे. नमुना तपासून घ्यावा व दाखला जवळ ठेवावा.

पैसे कोण देणार? माल सहसा सरकार नव्हे, ठेकेदार विकत घेतो. लहान माणूस बुडतो तो इथेच. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर व्याज लागते. करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. मात्र नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही. ते माल तयार करणाऱ्याला आहे. म्हणून विणणाऱ्याने माल देण्याआधीच उद्यम नोंदणी करावी, बिल स्वतःच्या नावाने काढावे आणि व्यापाऱ्याने दलालीचा करार वेगळा लिहून घ्यावा.

कोकणात नारळ आहे, सोडणही आहे. या धंद्यात बहुतांश हात महिलांचे आहेत. काथ्या इथलाच, वळणारे हात इथलेच असतील, तर रस्त्याचा पैसा गावात राहील. नाहीतर तयार गुंडाळ्या बाहेरच्या राज्यातून येतील आणि आपण रस्त्याच्या कडेला उभे राहून ट्रक मोजू. प्रथम एका किलोमीटरचाच माल घ्यावा, तो वजनात व वेळेत पुरा करावा, आणि मगच मोठ्या मागणीला हात घालावा.