गोष्ट कोण सांगतो?

आटपाट नगराच्या राजाची कहाणी ऐकताना ती आपल्याला कोण सांगत आहे, असा प्रश्न आपण कधी विचारीत नाही. राजाला दोन राण्या होत्या, एक आवडती व एक नावडती, एवढे कळले की आपले मन पुढे धावू लागते. इसापच्या गोष्टींचेही तसेच. कोल्ह्याची किंवा करकोच्याची गोष्ट संपते, खाली तात्पर्य दिलेले असते, आणि आपण पान उलटतो. आधुनिक लघुकथा या दोहोंहून निराळी आहे. तिच्याखाली तात्पर्य छापलेले नसते. शिवाय ती कोणाच्या तोंडून सांगितली आहे, यावर तिचे पुष्कळसे सामर्थ्य अवलंबून असते. दोन विख्यात कथा घेऊन हे आपण पडताळून पाहू.

पहिली कथा रशियातील आहे. अन्तोन चेकॉव्ह या लेखकाने ती १८८६ साली लिहिली. तिचे नाव 'वान्का'. वान्का हा नऊ वर्षांचा पोरका मुलगा. मॉस्को शहरात जोडे शिवणाऱ्या एका कारागिराकडे तो तीन महिन्यांपासून उमेदवारी करीत आहे. नाताळच्या आदल्या रात्री मालक, मालकीण व इतर कामगार प्रार्थनेस गेले आहेत, ही संधी साधून वान्का दौत व गंजलेल्या निबाचा टाक काढतो, चुरगळलेला कागद बाकावर पसरतो, आणि गुडघे टेकून गावाकडील आजोबांना पत्र लिहू लागतो. मालकाच्या मुलाचा पाळणा हलविताना डोळा लागला म्हणून त्याला पट्ट्याने मार बसला आहे. मासा साफ करताना शेपटीकडून सुरुवात केली म्हणून मालकिणीने त्याच माशाचे तोंड त्याच्या तोंडावर घासले आहे. सकाळी पाव, दुपारी लापशी, रात्री पुन्हा पाव. पळून जावे तर पायांत बूट नाहीत आणि बाहेर हिमाचा कडाका. आजोबांनी येऊन आपल्याला घेऊन जावे, एवढीच त्याची याचना आहे.

पत्र पुरे झाल्यावर तो ते पाकिटात घालतो आणि वर लिहितो, गावातील आजोबांना. थोडा विचार करून तो त्याखाली आजोबांचे नावही घालतो. मग अंगात नुसता सदरा असतानाच धावत जाऊन तो ते पत्र टपालपेटीत टाकतो. कथा येथे जवळजवळ संपते. गावाचे नाव त्याने लिहिलेलेच नाही!

आता या कथेचे तात्पर्य काय म्हणावे? पत्रावर पत्ता नीट लिहावा, हे? असे कोणी म्हटले तर तुम्हांला हसू येईल. पत्त्याची चूक हा केवळ एक प्रसंग आहे. कथेचा आशय त्याच्या पलीकडे आहे. ज्या मुलाचे या जगात कोणीच नाही, त्याची हाक कोठेही पोचत नाही, हे या कथेचे खरे दुःख होय. आणि हे वाक्य कथेत कोठेही लिहिलेले नाही, ही ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे.

मग ते आपल्याला कळते कसे? या कथेत दोन आवाज आहेत. एक वान्काचा, पत्रातील. दुसरा निवेदकाचा, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याचा. निवेदक वान्काच्या शेजारी उभा राहून सारे पाहतो, पण 'अरेरे, बिचारा!' असे एकदाही म्हणत नाही. पत्र पोचणार नाही, हेही तो सांगत नाही. तो फक्त पाकिटावर काय लिहिले ते दाखवितो व गप्प राहतो. शेवटी वान्का आशेने झोपी जातो, आजोबा चुलाण्याजवळ बसून आपले पत्र वाचून दाखवीत आहेत असे स्वप्न त्याला पडते, आणि आपण मात्र जागे राहतो. जे वान्काला ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक असते. आजोबांना न मिळालेले पत्र वाचकाला मिळालेले असते. वान्कानेच 'मी'ची भाषा वापरून सगळी कथा सांगितली असती तर हे साधले असते काय? पत्त्यात काही उणे आहे, हे त्याला कळतच नाही.

आणखी एक बारकावा पाहा. पत्र लिहिता लिहिता वान्काला गावची आठवण येते. आजोबा एका जमीनदाराच्या वाड्यावर रात्रीचे पहारेकरी आहेत. ते हसतात, स्वयंपाकिणींची थट्टा करतात, कुत्र्यांनासुद्धा तपकीर हुंगायला देतात. वान्काला हे सारे फार गोड वाटते. पण आई वारल्यावर त्याला आजोबांजवळ ठेवले, आणि तेथूनच त्याची मॉस्कोस रवानगी झाली. पत्र पोचले असते तर आजोबा खरोखरच आले असते का? माझ्या मते लेखकाने ही शंका जाणूनबुजून मोकळी सोडली आहे.

दुसरी कथा रवींद्रनाथ टागोरांची 'काबुलीवाला'. ती १८९२ सालची. (त्याच सुमारास पुण्यात हरि नारायण आपटे आपल्या 'करमणूक' पत्रातून मराठी वाचकांना गोष्टी देत होते. ते पत्र त्यांनी १८९० साली सुरू केले होते.) कलकत्त्यात मिनी नावाची पाच वर्षांची बडबडी मुलगी आहे. सुकामेवा विकणारा रहमत नावाचा काबुली तिचा मित्र होतो. पुढे उधारीच्या भांडणात त्याच्या हातून एका माणसावर चाकूचा वार होतो व त्याला तुरुंगवास घडतो. सुटून तो येतो तो नेमका मिनीच्या लग्नाच्या दिवशी.

ही कथा मिनीचे वडील सांगतात. मिनीने सांगितली असती तर? तिला तर रहमतचा विसर पडला होता. रहमतने सांगितली असती तर? आपल्या छातीशी काय जपून ठेवले आहे, हे त्याला आरंभापासूनच ठाऊक होते. वडिलांना ते ठाऊक नव्हते. घरात मंगलकार्य असताना हा तुरुंगातून सुटलेला माणूस दारी नको, म्हणून ते त्याला वाटेला लावू पाहतात. आपणही, खरे सांगायचे तर, त्यांच्याच बाजूचे असतो. तेव्हा रहमत एक मळका कागद उलगडतो. त्यावर काजळीने उमटविलेला एका लहान हाताचा ठसा असतो. दूर देशी असलेल्या त्याच्या मुलीचा! वडिलांचे मन त्या क्षणी बदलते, आणि त्यांच्याबरोबर आपलेही. एका बापाची ओळख दुसऱ्या बापाला पटली, हा कथेचा आशय. आणि तो प्रकट करण्यास निवेदक बापच हवा होता.

या कथेत 'सासर' हा शब्द तीन वेळी कसा येतो, तेही पाहण्यासारखे आहे. प्रथम रहमत व लहानगी मिनी यांच्यात तो थट्टेचा विषय असतो. दुसऱ्या वेळी शिपाई रहमतला धरून नेत असताना मिनी त्याला तोच प्रश्न करते, आणि तो हसून होकार देतो. तेथे सासर म्हणजे तुरुंग. तिसऱ्या वेळी नववधूच्या वेषातील मिनीसमोर तो जुनी थट्टा पुन्हा करू जातो. ती लाजून निघून जाते, आणि रहमतला एकदम उमगते की आपली मुलगीही एवढीच मोठी झाली असेल. शब्द तोच, पण दर वेळी त्याचे वजन वाढत जाते. कथेत एखादी वस्तू किंवा शब्द पुन्हा पुन्हा येऊ लागला, तर तेथे थांबावे. बहुधा आशयाची वाट तेथूनच जाते.

अभ्यास

१. वान्काच्या मालकिणीने ही गोष्ट सांगितली असती तर तिने कोणत्या गोष्टी गाळल्या असत्या?

२. हाताच्या ठशाचा उल्लेख 'काबुलीवाला' कथेच्या आरंभीच आला असता तर काय बिघडले असते?

३. तुम्ही वाचलेली एखादी कथा घ्या. तिचा निवेदक बदलून पहिल्या प्रसंगाच्या दहा ओळी पुन्हा लिहा, आणि कोणते वाक्य बदलणे सर्वांत अवघड गेले ते वर्गात सांगा.