मळीतले स्पिरिट आणि दवाखान्यातली जखम



हंगाम सुरू झाला की गाडीच्या चाकाखाली पाय सापडल्याची एखादी तरी बातमी कानावर येतेच. आजचा विषयही अशाच एका पायाचा आहे. ऑगस्ट १८६५ मध्ये स्कॉटलंडातील ग्लासगो शहरात जेम्स ग्रीनलीज या अकरा वर्षांच्या पोराच्या पायावरून गाडीचे चाक गेले. नडगी मोडली आणि कातडी फाटली. त्या काळी अशी जखम बहुधा चिघळायचीच. मग पाय तोडायचा, नाहीतर पोर हातचे जायचे.

तिथले सर्जन जोसेफ लिस्टर यांनी पाश्चरचे लेख वाचले होते. जखम पू धरते ती जंतूंमुळे, हे त्यांना पटले होते. शिवाय कार्लाइल गावी गटाराच्या पाण्यात कार्बोलिक ॲसिड टाकल्यावर दुर्गंधी तर गेलीच, पण ते पाणी सोडलेल्या कुरणातल्या गुरांचा आजारही कमी झाला, असे त्यांच्या कानी आले होते. (डॉक्टरला वाट दाखवली ती गुरांच्या कुरणाने, हे आम्हांस फार आवडते.) लिस्टरांनी कार्बोलिकमध्ये भिजवलेले कापड जखमेवर बांधले. चार दिवसांनी पट्टी सोडून बघतात तो पू नाही! सहा आठवड्यांत हाड जुळून आले.

जंतुनाशक जखमेवर लावायचे ते ठीक. पण जंतू तिथवर नेतो कोण? याचे उत्तर त्याआधीच, १८४७ साली, व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी दिले होते. तिथले डॉक्टर प्रेत फाडून तसेच बाळंतिणीला हात लावत. त्या एप्रिलमध्ये शंभरामागे १८ बाया दगावल्या. मेपासून क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुणे सक्तीचे केले. जून ते ऑगस्टमध्ये हा आकडा एक-दोनवर आला. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर याच जातीची. पण "आमच्या हातांनी बाया मरतात काय?" म्हणून मोठमोठे डॉक्टर रुसले, आणि पुढे कितीतरी बाया नाहक गेल्या.

आता आपल्या मळीकडे येऊ. मळी आंबवून आसवनीत स्पिरिट निघते, हे आपणांस ठाऊक आहेच. हातांवरचे बहुतेक जंतू मारायला हेच उत्तम. जिनिव्हाच्या मोठ्या रुग्णालयात १९९४ नंतर खाटेखाटेजवळ स्पिरिटच्या बाटल्या ठेवल्या, कारण नर्सबाईंना दर वेळी मोरीपर्यंत जायला सवड नसे. चार वर्षांत, दवाखान्यातच नवा संसर्ग झालेले रुग्ण शंभरामागे १७ वरून १० वर आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कृतीत ८० टक्के अल्कोहोल, थोडे ग्लिसरीन, किंचित हायड्रोजन पेरॉक्साइड आणि बाकी पाणी असते. पाणी घालून कस कमी होत नाही का? उलट आहे. जंतूच्या अंगातले प्रथिन मोडायला पाणी लागतेच. निव्वळ स्पिरिट तितके चालत नाही. २०२० साली करोनाच्या साथीत राज्यातील अनेक साखर कारखान्यांनी हेच सॅनिटायझर तयार केले होते.

दवाखान्यात पेशंटला भेटायला आपण दहा-दहा जण जातो, आणि पाटी टेकवली की पहिला हात त्याच्या पट्टीवर किंवा सलाइनच्या नळीवर. तसे करू नये. हाताला शेणमाती असेल तर आधी साबणाने धुवावे, कारण मळलेल्या हातावर स्पिरिट नीट काम करीत नाही आणि धनुर्वाताच्या जंतूचे बीज त्याने मरत नाही. मग दोन्ही हात, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखांची टोके ओली राहतील असे वीस-तीस सेकंद चोळावे व आपोआप वाळू द्यावे, धोतराला पुसू नये. पेशंटला हात लावण्याआधी आणि लावून झाल्यावरही. डॉक्टर, नर्स विसरले तर "बाई, हाताला तेवढे लावता का?" असे विचारायला भिऊ नये. व्हिएन्नात ते विचारणारे कोणी नव्हते.

उघड्या जखमेत मात्र हे स्पिरिट ओतू नये. चांगले मांसही भाजते.

ऑपरेशन ठरले असेल तर आदल्या दिवशी साबणाने आंघोळ घालावी. घरी वस्तऱ्याने किंवा ब्लेडने त्या जागेचे केस काढू नयेत. बारीक चिरा पडतात आणि त्यांतच जंतू घर करतात. केस काढायचेच असले तर दवाखान्यात कात्रीने किंवा मशीनने काढतात, आणि कातडीला जंतुनाशक तिथेच लावतात.