गळालेलं पाणी मुरलेलं नसतं

कापडी कुंडीत भाजी लावणाऱ्यांची उन्हाळ्यातली तक्रार ठरलेली असते. रोज पाणी घालतो, खालून गळतंही, तरी दुपारी झाड मान टाकतं. मग कुणी पाणी वाढवतं, कुणी कमी करतं, कुणी खत बदलतं. रोग भलतीकडेच असतो.

साताऱ्यात शाहूनगरला माझी गच्ची आहे, धाकट्या बहिणीची सांगलीत विश्रामबागेत. कुंड्यांच्या कापडी पिशव्या आम्ही एकाच ठिकाणाहून घेतल्या होत्या, रोपंही एकाच ट्रेमधली होती. एप्रिल लागला आणि तिची कृष्णाकाठची वांगी फुलं गाळायला लागली. "ताई, सकाळी घालते तर खाली ओघळ जातो गं. अजून किती घालू?" असं ती फोनवर विचारायची. रोपं देणाऱ्यानं पाणी जास्त होतंय, एक दिवसाआड घाला, असा सल्ला दिला. तिनं तो पाळला आणि झाडं आणखीच खंगली.

मी सांगलीला गेले तेव्हा तासगावहून तिचे दीर आलेले होते. त्यांची द्राक्षबाग आहे. त्यांनी एक पिशवी आडवी केली आणि कापड हळूहळू खाली ओढलं. वरची दोन बोटं माती काळी, ओली होती. कापडाला लागून चारी बाजूंनी ओलसर पट्टा होता. मधला कोकोपीटचा गोळा मात्र फिकट तपकिरी आणि ठणठणीत कोरडा. चिमटीत धरला तर भुकटी उडाली. "वहिनी, पांढरी मुळी दिसतीय का कुठं? पाणी वरनं येतंय आन् कडेनं जातंय. आत वाफसाच नाही."

निदान तिथंच झालं. कोकोपीट ओलं असताना भरपूर पाणी धरतं, पण एकदा पूर्ण वाळलं की पाणी झिडकारतं. वाळताना ते आकसतं आणि कापडाच्या बाजूला फट पडते. वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. प्लास्टिकच्या कुंडीत तेच पाणी भिंतीला अडून थोडं तरी आत शिरतं, इथं ते कापडातून बाहेर पडतं. ओघळ बघून आपल्याला वाटतं कुंडी भरली.

वाळण्याचा वेग किती, हे साध्या गणितानं कळतं. १२ इंच रुंद आणि १२ इंच उंच पिशवीचं वरचं तोंड सुमारे ११३ चौरस इंच असतं, बाजूचं कापड सुमारे ४५२. म्हणजे तोंडाच्या चौपट कापड वाऱ्याला उघडं. मुळांना याचा फायदा आहे. टोक कापडापाशी पोचून हवेनं सुकतं, मागून नव्या मुळ्या फुटतात आणि मुळांचं वेटोळं होत नाही. ज्या हवेमुळे मूळ सुधारतं, तीच पाणीही नेते. पिशवी जितकी लहान तितका हा हिशेब वाईट, कारण मातीच्या मानानं कापड जास्त पडतं.

आता उपाय. पाणी एकदम ओतू नका, टप्प्यानं द्या. आधी तांब्याभर पाणी सगळ्या पृष्ठभागावर फिरवून शिंपडा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग उरलेलं दोन वेळा करून घाला. पहिल्या पाण्यानं माती ओल घ्यायला तयार होते, पुढचं आत जातं. गोळा पूर्ण कोरडा पडला असेल तर वरून घालण्यात अर्थ नाही. पिशवी पाण्याच्या टबात अर्धा तास ठेवा, बुडबुडे थांबले की काढा. बहिणीची वांगी अशीच सावरली.

किती मुरलं हे मोजताही येतं. पिशवीखाली ताटली ठेवून मोजून लिटरभर पाणी घाला. दहा मिनिटांनी ताटलीत अर्धा लिटर आलं, तर झाडाला अर्धाच लिटर मिळाला. दुसरी खूण वजनाची. नीट भिजलेली पिशवी एकदा उचलून बघा, मग सुकल्यावर पुन्हा उचला. लिटरला किलो हा हिशेब हाताला लवकर कळतो. मोठी पिशवी उचलवत नसेल तर बांबूची काडी मधोमध वीतभर खोल खुपसा. ती कोरडी आली तर वरची ओल फसवी समजा. बोट खुपसून बघायची सवय इथं उपयोगाची नाही.

ठिबक लावणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. शेतात ड्रीपरचं पाणी मातीत आडवं पसरतं, हलक्या कोकोपीटमध्ये ते जवळजवळ सरळ खाली उतरतं. एका ड्रीपरनं पिशवीचा एकच कोपरा भिजतो. १५ इंची पिशवीला निदान दोन, जमल्यास चार ड्रीपर गोलाकार बसवा आणि पाणी सकाळ-संध्याकाळ विभागून सोडा. वर उसाच्या पाचटाचं तीन-चार बोटं आच्छादन हवंच. आपल्याकडं पाचटाला तोटा नाही. पिशव्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या की मधल्यांचं बाजूचं कापडही झाकलं जातं.

भरतानाही काळजी घ्या. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारामुळे पालापाचोळ्यावर गच्चीत भाजी घेण्याची वाट अनेक मराठी घरांना माहीत झाली. ती चांगली वाट आहे, पण कापडात निव्वळ हलकं मिश्रण भरलं तर ते एकाच दुपारी वाळतं. तिसरा हिस्सा तरी गाळाची किंवा पोयट्याची माती आणि तेवढंच मुरलेलं शेणखत घाला. कोकोपीटची वीट आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या, तिच्यात क्षार असू शकतात.

क्षारांवरून सांगलीची दुसरी गोष्ट. कृष्णाकाठी मिरज, वाळवा भागात जमिनी क्षारपड झालेल्या आहेत आणि बऱ्याच बोअरचं पाणी जड आहे. कापडातून पाणी उडतं, क्षार मागं राहतात. पिशवीच्या अंगावर पांढरी कड दिसली आणि पानांच्या कडा करपल्या, की खत वाढवू नका. पिशवीच्या आकाराच्या दुपटीइतकं चांगलं पाणी हळूहळू सोडून धुऊन काढा आणि ताटलीतलं पाणी फेकून द्या, नाहीतर तेच परत वर चढेल. वळवाचा आणि जूनचा पाऊस पिशव्यांवर मोकळा पडू द्या, त्याहून स्वस्त धुणं नाही.

साताऱ्याची अडचण उलट. आमच्या नळाच्या पाण्यात क्षारांचा त्रास कमी. पण जुलै-ऑगस्टात पाऊस थांबत नाही, तळाचं कापड दिवसचे दिवस ओलं राहतं, शेवाळ चढतं आणि स्लॅबवर डाग पडतात. म्हणून पिशव्या विटांवर ठेवा. त्या दिवसांत ताटली नको, हाती पाणी घालणं बंद, आणि आच्छादनही अर्ध्यावर आणा.

नवीन पिशवी घेणाऱ्याला माझं सांगणं एवढंच. सांगली, जत, आटपाडी, माण, खटाव या कोरड्या हवेत वांगी-टोमॅटोसाठी १५ इंचांपेक्षा लहान पिशवी घेऊ नका. दिवसभर घरी कुणी नसेल आणि ठिबकही नसेल, तर कापडाचा हट्ट सोडा आणि प्लास्टिकची कुंडी घ्या. त्यात मुळं थोडी गुंततील, पण झाड मे महिना काढेल.