धूर कळतो, तरी चूल का पेटते?

माघ-फाल्गुनात शिंदखेडा तालुक्यातील एखाद्या गावात सायंकाळी फेरफटका मारा. कापसाचा हंगाम संपलेला असतो, अंगणात पऱ्हाट्या रचलेल्या असतात आणि घरांवरून धूर निघत असतो. त्यांतील कित्येक घरांत गॅसची शेगडीही असते! "धूर वाईट ना?" असे विचारा. सगळे "हो" म्हणतील. मग चूल का पेटते?

मनातील अशा मताला मानसशास्त्रात 'अभिवृत्ती' म्हणतात आणि प्रत्यक्ष कृतीला 'वर्तन'. १९८५ साली आयझेन या मानसशास्त्रज्ञाने असे मांडले की, वर्तनामागे तीन गोष्टी असतात : स्वतःचे मत, जवळच्या माणसांची अपेक्षा आणि ती कृती आपल्या हाती आहे ही जाणीव.

विजेच्या मंडलावरून हे समजून घेऊ. आपले मत हा एक घट. घरच्यांची अपेक्षा हा दुसरा. दीड व्होल्टचे दोन घट एकाच दिशेने जोडले, तर दिवा उजळतो; एकमेकांविरुद्ध जोडले, तर लागतच नाही. आणि कळ दुसऱ्याच्याच हाती असेल तर?

आता आईचा विचार करा. धुरातील कार्बन मोनॉक्साइड व सूक्ष्म कण सर्वांत जास्त तिच्याच फुफ्फुसांत जातात. पण आजोबा म्हणतात, "भाकर चुलीवरचीच गोड." हा उलटा जोडलेला घट! १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेत गॅसजोडणी घरातील स्त्रीच्या नावे मिळते. परंतु १४.२ किलोच्या टाकीसाठी पैसे कोण काढून देतो? पऱ्हाट्या 'फुकट' खऱ्या. पण त्या आणण्याचे तिचे श्रम कोण मोजतो? टाकीची नोंदणी मोबाइलवर होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, स्वतः वापरायचा मोबाइल भारतातील ५४ टक्के स्त्रियांकडेच आढळला. इंटरनेट कधीतरी वापरलेले पुरुष ५७ टक्के होते, तर स्त्रिया ३३ टक्के. म्हणजे यंत्र घरात आले, तरी कळ तिच्या हाती आलीच असे नाही.

मी वर्गात ज्वलन शिकवतो. पण आमच्या घरची टाकी केव्हा संपते, हे मला अनेक वर्षे ठाऊक नव्हते!

आता प्रयोग. वहीत चार रकाने आखा : चूल केव्हा पेटली, कोणी पेटवली, कोणाच्या सांगण्यावरून आणि टाकी कोणी मागवली. महिनाभर नोंदी ठेवा. निष्कर्ष काढताना आईला दोष देऊ नका. कळ कोठे आहे, ते शोधा.