सांगलीचा आयर्विन पूल : कृष्णामाईचे मोजमाप

कृष्णाकाठी वसलेली सांगली ही पूर्वी पटवर्धन संस्थानाची राजधानी होती. श्रीगणेश हे या राजघराण्याचे आराध्य दैवत. संस्थानाचे पहिले अधिपती श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी एकोणिसाव्या शतकात श्रींचे पाषाणमंदिर उभारले. दर्शन घेऊन भाविक नदीकडे गेले म्हणजे दगडी कमानींचा भव्य पूल दृष्टीस पडतो. हाच आयर्विन पूल होय.

पुलाची उभारणी

पूल होण्यापूर्वी पैलतीरावरील सांगलीवाडीहून येणाऱ्यांना नावेचाच आधार असे. पावसाळ्यात नदी दुथडी भरली की हा मार्ग धोक्याचा होई. पुढे त्याच घराण्यातील, त्याच नावाचे राजेसाहेब चिंतामणराव यांच्या कारकिर्दीत, १९२९ साली हा पूल खुला झाला. तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचे नाव त्यास देण्यात आले.

पाण्याची पातळी

हा पूल केवळ वाट नव्हे, तर नदीचे मापही आहे. 'आयर्विनला पाणी किती?' हा पावसाळ्यात सांगलीच्या घराघरांतून विचारला जाणारा प्रश्न. येथे ४० फूट ही इशारा पातळी, तर ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. २००५ च्या महापुरात पाणी ५३ फुटांवर गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये तर त्याने ५७ फुटांची पातळीही ओलांडली.

महाबळेश्वरी उगम पावलेल्या कृष्णेस कराड येथे कोयना मिळते. सांगलीच्या खाली हरिपूर येथे, श्री संगमेश्वराच्या सान्निध्यात, वारणेचा संगम होतो. वारणाही पूर्ण भरून वाहत असली की कृष्णेच्या पाण्याचा निचरा मंदावतो व शहराजवळ फुगवटा निर्माण होतो. म्हणून गावात ऊन पडले असतानाही घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जाऊ शकतात. येथील आकाश पाहून नदीचा अंदाज बांधू नये.

भाविकांस नम्र विनंती

आषाढ-श्रावणात येणाऱ्या भाविकांनी घाटावर उतरण्यापूर्वी पुलाजवळील पाणीपातळीची चौकशी अवश्य करावी. पूर पाहण्यासाठी पुलावर गर्दी करू नये. निर्माल्य पुलावरून नदीत टाकू नये. कृष्णामाईस हात जोडावेत, तिची मर्यादा ओळखावी आणि सुखरूप घरी परतावे, हीच श्रीचरणी प्रार्थना.