जप्त मोटारीची सोडवणूक

प्रश्न : माझ्या नावावरील मोटार धाकटा भाऊ मद्यप्राशन करून चालवीत असता पकडला गेला. त्याला जामीन मिळाला, परंतु मोटार पोलीस ठाण्यातच आहे. ती कशी सोडवावी?

उत्तर : जामीन हा आपल्या बंधूंपुरता असून वाहनाच्या ताब्याचा विषय सर्वस्वी निराळा आहे; म्हणून ती जप्ती कागदोपत्री कोणत्या कलमाखाली दाखविली आहे, हे प्रथम पंचनाम्याची नक्कल मिळवून पाहावे. मोटार मुद्देमाल म्हणून नोंदलेली असल्यास, नोंदणी-प्रमाणपत्र, विमापत्र व ओळखीचा पुरावा जोडून, आपण स्वतः मालक या नात्याने, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ अन्वये न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तात्पुरत्या ताब्याचा अर्ज करावा. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली, अशी वाहने ठाण्याच्या आवारात दीर्घकाळ सडत न ठेवता, छायाचित्रे व पंचनामा करून, योग्य बंधपत्र व हमी घेऊन परत द्यावीत, असे स्पष्ट बजावले आहे. त्याचा हवाला अर्जात अवश्य द्यावा. आदेश मिळाल्यावर सुपूर्दनामा लिहून द्यावा लागतो, आणि त्यातील शर्ती, विशेषतः मोटार न विकण्याची व बोलावताच हजर करण्याची, अक्षरशः पाळाव्यात.

मोटार सुटली तरी बंधूंवरील खटला सुटत नाही. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्या अपराधाला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यासाठी वकील आजच नेमावा.