शिकार, मासेमारी आणि परवाना

मध्य रेल्वेवरील शहाड व टिटवाळा या स्थानकांच्या दरम्यान असलेले आंबिवली हे उल्हास व काळू या नद्यांच्या खोऱ्यातील गाव होय. पावसाच्या पहिल्या मोठ्या सरींनी ओहोळ भरले व भातखाचरांना मिळाले, की या भागात वलगण लागते. मासे अंडी घालण्याकरिता प्रवाहाविरुद्ध चढून उथळ पाण्यात येतात. अशा वेळी मासा धरण्यास परवाना लागतो काय, आणि पिकात शिरलेले रानडुक्कर मारल्यास गुन्हा कसा, हे दोन प्रश्न शेतकरी विचारतात. दोहोंची उत्तरे भिन्न आहेत.

शिकार

पूर्वी फी भरून शिकारीचा परवाना मिळत असे. मुंबई राज्याच्या १९५१ च्या अधिनियमात तशी तरतूद होती. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातही आरंभी ती होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती रद्द झाली. म्हणून आज कितीही फी भरली तरी हौसेच्या शिकारीस परवाना मिळत नाही. बंदुकीचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे.

उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराविरुद्ध मात्र वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. लेखी आदेश मिळाल्यावाचून प्राणी मारू नये. मारलेला प्राणी शासनाची मालमत्ता ठरतो. कुंपणाच्या तारेत घरची वीज सोडणे तर सर्वथा वर्ज्य होय. त्या तारेवर पहाटे पाणी पाहावयास गेलेला शेतकरीच बळी पडतो. नुकसानभरपाईसाठी पीक न हलविता शक्यतो तीन दिवसांच्या आत वनकर्मचाऱ्यांस कळवावे व पंचनामा करून घ्यावा.

मासेमारी

मासेमारीस सरसकट बंदी नाही; ती नियमबद्ध आहे. तलाव व जलाशय यांतील मासेमारीचा हक्क सामान्यतः ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. तेथे जाळे टाकण्यापूर्वी ठेका कोणाकडे आहे, याची चौकशी करून संमती घ्यावी. ठेका घेणारी संस्था पाण्यात बीज सोडते. चोरून केलेल्या मासेमारीने तिच्या सभासदांचे उत्पन्न बुडते.

सुरुंगाची दारू अथवा विष वापरून मासे मारण्यास कोणताही परवाना मिळत नाही. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमाने तो गुन्हा ठरविला आणि हा निर्बंध पुढेही कायम राहिला. डोहात कीटकनाशक ओतल्यास मोठ्या मासळीबरोबर पिल्ले व अंडीही नष्ट होतात आणि तेच पाणी गुरे पितात.

समुद्रात यांत्रिक नौकांस महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, कारण तो प्रजननाचा काळ आहे. नदीकाठीही हाच विवेक हवा. वलगणीत गाभोळीने भरलेली मादी धरली, तर तिच्यासह हजारो अंडी जातात. मरळ आपल्या पिल्लांची राखण करते. ती मारल्यास पिल्ले इतर माशांच्या तोंडी पडतात. पुढे भाद्रपदात डोह रिकामे का, याचे उत्तर आषाढातच सापडते.

ग्रामसेवकांनी सांगावयाच्या गोष्टी

१. ओहोळाची सबंध रुंदी जाळ्याने अडवू नये; चढणीस वाट मोकळी ठेवावी.
२. गाभोळीची मादी व लहान पिल्ले परत पाण्यात सोडावीत.
३. जाळ्यात कासव आल्यास ते जिवंत सोडावे. अनेक जातींची कासवे वन्यजीव अधिनियमाने संरक्षित आहेत.
४. ठेक्याची वा अर्जाची फी भरल्यास पावती घेऊन जपून ठेवावी.

फी हे नियमनाचे केवळ एक साधन आहे. पुढील वर्षीही वलगण लागावी, हा त्यामागील खरा हेतू होय.